रुंदी दोनशे

अक्कलकोट रोडला दुपारी तीनला
पंखासुद्धा ऊनच फिरवतो.
गड्डमशेठ म्हणाले, पाचच्या आत कॅटलॉग पाठव,
पार्टीचं नेट स्लो आहे, फोटो बारके कर.
आणि सॉफ्टवेअर फुकटचं बघ.

फुकटचंच घेतलं.
चारशे बारा टॉवेल एकदम आत ओढले,
रुंदी दोनशे, जेपीजी,
दाबलं.
हिरवी पट्टी सरकत गेली, धोट्यासारखी,
पण मुकी.
शेडमध्ये माग खडखडत होते.
त्यांची पाळी संपायला अजून चार तास.

दोनशे सदतिसावा टॉवेल नव्हता.
नायना होते, मागाला टेकलेले,
भुवयांवर कापसाची लव.
त्यांच्या शेवटच्या पाळीला मीच काढलेला,
कार्डावर राहून गेलेला.
'मूळ फाइल ठेवा' समोरच्या चौकटीत
मी टिक केली नव्हती.

मोठं करून पाहिलं
तर भुवईचे चौकोन.
लव कुठे, कातडी कुठे, कळेना.

शेठना चारशे अकरा गेले. मोजले नाहीत त्यांनी.

नायना कापडावर नुसता अंगठा फिरवून
इंचाचे धागे सांगायचे.
स्क्रीनवर फिरवला असता
तर म्हणाले असते,
अम्मा, धागे कमी भरलेत.