नावीन्य : वीस गुण

टकोमाच्या नगरपालिकेत, चौथ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाशी येऊन थांबलेत
साडेचार कोटी डॉलर.
दिसत नाहीत.
मतदारांनी नोव्हेंबरात होकार दिला,
कर्जरोखे विकले गेले,
आणि आता तक्त्याच्या सतरा रकान्यांत
त्यांना बसायला जागा करून देणं
हे माझं काम.

परवडणारी घरं. अभिनव योजना.
अभिनवला वीस गुण.

पहिला अर्ज जाड, गुळगुळीत :
यंत्र सिमेंटची धार सोडतं, चकलीच्या सोऱ्यासारखी,
तीन दिवसांत भिंती उभ्या.
सोबत चॉकलेटचा डबा.
तो नियमाप्रमाणे परत केला, दोन खाऊन.
दुसऱ्यात कंटेनर, एकावर एक.
बंदर जवळच, लोखंड स्वस्त,
खिडक्या कापायचा खर्च वेगळा.

तिसरा हातानं लिहिलेला,
कोपऱ्यात कॉफीच्या कपाचं गोल.
लोरेटा फुइमाओनो, शाळेच्या बसची चालक,
सीडर ग्लेन, जागा क्रमांक एकोणतीस.
एकेचाळीस घरं, सगळी चाकांवरची.
घर त्यांचं, खालची माती दुसऱ्याची.
मातीवाल्यानं भाडं तीनदा वाढवलं,
आता तो विकून मोकळा होतोय.
म्हणायला ही घरं फिरती;
चाळीस वर्षांत चाकं मातीत गेलीत,
ओढायला गेलं तर घर कण्यात मोडेल.
म्हणून, बाई लिहितात,
जमीन आम्हीच घेऊ म्हणतो, सगळ्यांनी मिळून.
प्रत्येकाचा एक भाग, प्रत्येकाचं एक मत.
असं कुठे झालंय का, माहीत नाही.
होत नाही, असंही कुणी सांगितलेलं नाही.

मी पेन खाली ठेवलं.

मिरजेत वडील एका सोसायटीचे सचिव होते.
सहकारी. मर्यादित.
महिन्यातल्या एका रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत सभा :
पंपाची मोटर जळली, वर्गणी काढा,
वरच्या मजल्याला पाणी चढत नाही,
गच्चीवर पापड वाळत घालणारे कोण, नावं लिहून घ्या.
चपला दारात एवढ्या,
की जाताना हमखास एकाची अदलाबदल.
भांडण कडाक्याचं, चहा एकाच पातेल्यातला.
त्यात अभिनव काही आहे
असा आरोप वडिलांवर कुणी केला नाही.

मग गुण किती द्यायचे?
प्रामाणिकपणे, शून्य.
प्रामाणिकपणे, वीस.

समितीत हॅल्वर्सन चष्मा पुसत म्हणाले,
रोखे तीस वर्षांचे आहेत.
तेवढ्यात ही माणसं आपसांत भांडली तर?
भांडतीलच, मी म्हणालो.
घर पाहावं बांधून, हे त्यांना सांगायचं होतं,
पण इंग्रजीत त्याची नुसती सूचना झाली असती.
पंपावरून भांडतील, पार्किंगवरून, कुत्र्यांवरून.
भाडेकरू भांडत नाहीत, साहेब.
भाडेकरू निघून जातात.

हे बोललो तेव्हा माझ्याच बॅगेत
माझा भाडेकरार होता, सहीवाचून,
दोनशे पंच्याऐंशीनं वाढलेला.
बॅग पायानं जरा मागे सरकवली.

निर्णय पुढच्या गुरुवारी.

बाहेर व्हरांड्यात लोरेटाबाई थांबलेल्या,
बसच्या किल्ल्या बोटात,
तीनची फेरी चुकवायची नाही म्हणून उभ्याच.
पैशांचं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या,
जमीन आमची झाली की चाकं काढली तर चालतील?
की कागदावर आम्ही वाहनंच राहायचं?

मला उत्तर ठाऊक नव्हतं.
परत येऊन तक्ता उघडला.
सतरा रकान्यांत त्याला जागा नव्हती,
तेव्हा अठरावा वाढवला.
वर लिहिलं : चाकं.
खाली अजून काही भरलेलं नाही.