भाडेकरीण

एकतीस वर्षं मी कोर्नवेर्डरझांडच्या बंधाऱ्यावर
दरवाजे उघडले आणि मिटले.
आत गोडं पाणी, बाहेर खारं.
वहीत लिहायचो: पातळी, वारा, बोटींची नावं.
माशांसाठी रकाना नव्हता.

ही वाम तेव्हाची.
गेर्बेनच्या जाळ्यात आली, करंगळीएवढी.
"धुरी द्यायच्याही लायकीची नाही," म्हणाला,
आणि माझ्या जेवणाच्या डब्यातला पाव काढून
तिथे तिला ओतली.
पाव त्यानंच खाल्ला.

तिला नाव नाही.
त्यित्स्के तिला भाडेकरीण म्हणते.
"भाडं नाही, बोलणं नाही,
आणि समोरची खिडकी मात्र हिची."
आमच्या गावात खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत.
जाणारा-येणारा आत बघतो,
नळीतून बाहेर आलेली मुंडी बघतो,
आणि तिच्या मागे, सोफ्यावर,
आम्हा दोघांना.

झाकणावर आधी वीट होती.
एका पहाटे वीट जमिनीवर, टाकी रिकामी.
सापडली फ्रिजमागे,
अंगभर धूळ आणि मांजराचे केस
(मांजर जाऊन सहा वर्षं झाली होती).
मी ओल्या टॉवेलात धरली,
टॉवेलच उरला हातात.
शेवटी त्यित्स्केनं पकडली, पिठाच्या हातांनी,
शिव्या देत, आणि सोडली नाही.
तेव्हापासून झाकणावर तिच्या आईची इस्त्री असते,
कोळशाची, साडेतीन किलो.

मागच्या ऑक्टोबरात गांडुळं तशीच राहिली.
कोळंबीही.
पाठ काळवंडली, पोट रुपेरी झालं,
डोळे मोठे होत गेले,
रोज थोडे, अंधार बघायचा असल्यासारखे.
आणि रात्री पश्चिमेच्या काचेवर नाक.
ठक्.
थांबून, ठक्.

"आजारी आहे," त्यित्स्के म्हणाली.
मी हो म्हणालो.
खोटं बोललो.
अमावास्येच्या वादळी रात्री
दरवाज्यांच्या आतल्या बाजूला
अशाच जमायच्या त्या, शेकड्यांनी,
अमेरिकेच्या अलीकडे कुठेसा शेवाळाचा समुद्र आहे
तिकडे निघालेल्या.
पोट बंद केलेल्या. परत न येणाऱ्या.
मी वरून टॉर्च मारायचो
आणि घड्याळ बघायचो.
दरवाजा वेळापत्रकानं उघडायचा.

त्या हिवाळ्यात मी काहीच केलं नाही.
पाणी बदललं. दिवा लवकर विझवला.
मार्चमध्ये रुपेरी रंग उतरला,
डोळे बारीक झाले,
एप्रिलात तिनं माझ्या बोटांतून गांडूळ घेतलं.
मी गेर्बेनला फोन करून सांगितलं,
जिंकल्यासारखं सांगितलं,
तो पलीकडे गप्प राहिला,
मग म्हणाला, "म्हणजे तिनं नाद सोडला."
आणि हवामानावर बोलू लागला.

आज पुन्हा ऑक्टोबर.
गांडुळं पुन्हा तळाशी, पांढरी पडलेली.
डोळे पुन्हा.

दुपारी बाहेरून आलो तर
दाराशी दुधाचा जुना कॅन,
त्यावर ओलं पोतं,
गाडीची किल्ली पोत्यावर.
इस्त्री स्वयंपाकघरात, ओट्यावर,
तिच्या आईच्या वेळी असायची तिथे.
त्यित्स्के बटाटे सोलत होती.
मान वर केली नाही.
"बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला नाही हं," म्हणाली.
"पलीकडे."

मी बूट घालायला बसलो आहे
अर्ध्या तासापासून.
वारा नैऋत्येचा, जोर वाढतोय.
ओहोटी रात्री दहा चाळीसला,
वही न बघता सांगतो.
खिडकीबाहेर सायकलवरची एक मुलगी
पाय टेकून थांबली आहे,
आत बघते आहे.
ठक्.
तिला काचेपलीकडून ऐकू जात नसणार.
तरी तिनं हात वर केला,
कुणाला, कळलं नाही.