फ्रिजवरची दोन वेळापत्रकं

व्ह्यू फोर्टला, इग्नेशियाबाईंच्या फ्रिजवर
दोन वेळापत्रकं. खाली दबलेला
मासळीवाल्याचा नंबर.

वरच्या खोलीतला टोबेना. त्याच्या कॉलेजात
पहिल्या चार महिन्यांत सगळं शरीर उघडतात,
नुसती नावं. आजार पुढल्या वर्षी.
मागच्या खोलीतली मारिसोल
एकेक अवयव घेते: फुप्फुस सहा आठवडे,
मग मूत्रपिंड. दर सोमवारी परीक्षा,
म्हणून रविवारची मिस्सा चुकते,
भात तसाच राहतो.

कुणाचं बरं, यावर दोघं
ब्रेडफ्रूट भाजून होईतो भांडतात.

ऑक्टोबरात, कपडे वाळत घालताना
बाईंची छाती धडधडू लागली.
टोबेना म्हणाला, हृदय फेब्रुवारीतच झालं,
झडपांची नावं तेवढी आठवतात.
मारिसोल म्हणाली, आमचं मार्चला आहे.

मग मिनीबस. इस्पितळाच्या बाकावर चार तास,
याच्या मांडीवर बाईंची पर्स,
तिच्या हातात तुटलेली चप्पल.
नर्स बाईंच्याच वर्गातली निघाली.
मनगटावर दोन बोटं ठेवून
ओठ हलवत तिनं मोजलं.
दोघं बघत राहिले, वही न काढता.

पाचव्या सत्रानंतर दोघंही
विमानानं उत्तरेला जातील.
पेशंट तिकडे असतात म्हणे.