कुलिकोरोची पट्टी

मी नदी वाचतो.
रोज सकाळी सहाला, कुलिकोरोच्या धक्क्यावर,
पायरीशी रोवलेली पांढरी पट्टी,
तिच्यावरचे काळे आकडे
आणि त्यांना चाटत जाणारं पाणी.
वहीत एक आकडा. फोनवर तोच आकडा.
एवढीच नोकरी, एकतीस वर्षं.

म्हणतात, नदीचं मूळ विचारू नये.
मी गेलो होतो एकदा विचारायला.
गिनीच्या डोंगरात, झाडीतल्या एका ओल्या खळग्यापाशी
एक म्हातारा राखण करत बसलेला.
म्हणाला, वहाणा काढ.
समुद्र तिथून आठवड्याच्या पायपिटीवर,
आणि ही बया समुद्राकडे पाठ करून
थेट वाळवंटाच्या दिशेनं निघते,
माहेरशी भांडून निघावं तशी.

आम्ही तिला जोलिबा म्हणतो.
मोप्तीच्या पुढे ती पसरते,
शंभर तोंडांनी गवतात शिरते,
निम्मी तर ऊनच पिऊन टाकतं.
तिथे माझे बोझो मामा जाळी टाकतात,
पाणी ओसरलं की त्याच जागी फुलानींची गुरं,
गुरं गेली की कुणाचा तरी भात.
एकच जमीन, तीन मालक.
भांडणं होतात, खोटं कशाला सांगू.
परवाच्या साली एक काठी माझ्या मामेभावाच्या डोक्यात बसली;
टाके घातले ते फुलानी कंपाउंडरनं.

त्याच्याही पुढे, टिंबक्टूच्या कडेला,
उंट मिठाच्या लाद्या उतरवतात
थडग्यांच्या दगडांएवढ्या.
तिथे ती इसा बेर.
तंबूतले तुआरेग तिला म्हणतात नद्यांची नदी,
ज्यांनी दुसरी पाहिलेली नसते.
मग ती वळते.
एवढा हट्ट करून निघालेली,
वाळूला खांदा टेकते आणि वळते.
का, ते माझ्या वहीत येत नाही.

फोन मी नियामेला करतो, बिबाता सेयनीला.
तिची झर्मा मला येत नाही, माझी बांबारा तिला.
दोघांची फ्रेंच शाळेत मार खाऊन शिकलेली,
तिच्यात फक्त आकडे धड येतात.
सहाशे बारा, मी म्हणतो.
सहाशे बारा, ती.
मग थोडा वेळ कुणीच फोन ठेवत नाही.
तिच्या बाजूनं कोंबडं, माझ्या बाजूनं मोटारबोट.
एकतीस वर्षांत तिचं तोंड पाहिलेलं नाही.

सप्टेंबरात मी मोजलेलं पाणी
तिच्याकडे पोचतं जानेवारीत.
तेव्हा तिकडे आभाळात थेंब नसतो,
वारा वाळवंट उचलून दारात आणून टाकतो,
आणि नदी मात्र दुथडी:
दुसऱ्याच देशाचा पाऊस,
चार महिने चालत आलेला.
काळं पाणी आलं, बिबाता सांगते.
मी म्हणतो, पाठवलं होतं.
ती हसते. हसणं कुठल्या भाषेत होतं, विचारलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही.
ऐकून आहे, हौसांकडे ती क्वारा;
लोकोजाला बेन्वे येऊन मिळते,
पण दोन रंगांचं पाणी बराच वेळ
एकमेकांना अंग लावू देत नाही;
ओनित्शाच्या बाजारात ओरिमिरी.
आणि खारफुटीत, अगदी शेवटी,
एक इजो मुलगी तेलाचा तवंग हातानं बाजूला सारून
बादली बुडवते.
तिचा फोटो आमच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर आहे,
खाली नाव: एबिएरे.
महिना संपला तरी मी पान उलटलं नाही.
त्या बादलीत आमच्याकडचं किती,
याचा काही हिशेब असायला हवा होता.

नातवानं शाळेतून नकाशा आणला.
देशांच्या कडा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ,
त्यातून एकच वाकडी रेघ, तिच्यावर एकच नाव,
ज्या नावानं इथे तिला कुणी हाक मारत नाही.
बाकीची नावं कुठे लिहू, त्यानं विचारलं.
जागा नव्हती.
आम्ही कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला घेतली,
तीन आठवली, चौथ्याला चहा उतू गेला.

आज सहाशे चार.
उतरतंय.
बिबाताला कळवायला हवं.