टायगर

दिवाडीच्या फेरीबोटीत मी,
तीन स्कूटर, गॅस सिलिंडरांचा एक टेंपो,
आणि माझ्या हातात बिस्किटांचा रिकामा खोका,
बाजूंना कात्रीने भोकं पाडलेला.
बाबांनी सकाळपासून चारदा बजावलेलं:
नर बघून आण.
मादी म्हणजे वर्षातून दोनदा
रायबंदरचे झाडून सगळे कुत्रे आपल्या फाटकाशी.

मला बघायला आलेले कुणी
चहा पिऊन गेले, कुणी पत्रिका घेऊन गेले.
आता बाबांना घरात एक दादलो हवा होता,
निदान भुंकणारा.

फेरीवरचा गास्पार म्हणाला,
नर म्हणजे नुसता भटक्या.
त्याचा एक होता, आठ दिवस बेपत्ता,
परत आला तो अर्धा कान घेऊन,
आणि आल्या आल्या स्कूटरच्या दोन्ही चाकांवर सही.
मादी कशी, उंबरठा सोडत नाही.
मग साखळी सोडता सोडता म्हणाला,
पण तू नरच ने. पिलांचं करणार कोण?

कॉन्सेसांवबायच्या परसात
पालथ्या घातलेल्या होडीखाली
पाच होती, आता दोन.
दादलो व्हर गो, ती म्हणाली, बायल कोणाकूच नाका.
आणि नाही कुणी नेली तर?
मागच्या खेपेला घोवाने पोत्यात घालून
म्हापशाला मासळीबाजारामागे सोडली.
हे तिने नारळ सोलता सोलता सांगितलं,
पारेवरची नजर न काढता.

मराठीत ते पिल्लू.
कोकणीतही तें पील, तें सुणें.
भाषेने थोडे दिवस उधार दिलेले असतात,
डोळे उघडेपर्यंत, दूध तुटेपर्यंत.
मग कुणीतरी मानगूट धरून उचलतो,
शेपटी बाजूला करून बघतो,
आणि ते संपतं.

माझ्या वेळी नर्स बाहेर येऊन सांगून गेली
तेव्हा बाबा किती वेळ गप्प होते
हे आई मोजून सांगायची:
एक विडी.

नर गुबगुबीत होता, माझ्या चपलेवर झोपला.
दुसरी खोक्याचं भोक
दातांनी मोठं करत बसली.
मी निवडली असं नाही म्हणता येणार.
फेरीचा भोंगा वाजला
आणि ती खोक्यात होती.

बाबांनी शेपटी बाजूला केली. बघितलं.
खाली ठेवली.
पट्टा आधीच आणून ठेवलेला, पितळेच्या घुंगराचा,
नावही ठरलेलं. ते काही बदललं नाही.
टायगर आयलो? टायगर जेवलो?
आयली, मी म्हणायचे. जेवली.
सगळा पावसाळा आम्ही त्या एका अक्षरावर काढला,
शिलाईच्या गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

चवथ झाली आणि पणजीला नेऊन ऑपरेशन केलं.
डॉक्टर म्हणाला, नराचं सोपं असतं, स्वस्तही.
बाबा काही बोलले नाहीत, पैसे त्यांनीच मोजले.
घरी आल्यावर चष्मा लावून टाके मोजले: सात.
माझ्या हाताला याहून बारीक जमले असते.

नरकासुराच्या रात्री
नाक्यावर स्पीकर, फटाक्यांच्या माळा,
टायगर मशीनच्या पायट्यामागे
एवढीशी होऊन बसलेली.
दोन वाजता जाग आली तर खोलीत उजेड.
बाबा जमिनीवर,
ज्या गुडघ्याने देवापुढेही बसवत नाही
तो गुडघा लांब पसरून,
हात मशीनखाली घालून म्हणत होते,
यो गो बाय. यो.

मला वाटलं, मलाच हाक मारली.
मी अंथरुणात उठून बसले होते.

मग ते खिडकीशी गेले, पोरांवर ओरडले,
बंद करा रे, ती भियेता!
मी दिवा मालवल्याचा आवाज येईपर्यंत
डोळे मिटून पडून राहिले.

सकाळी चहाचा कप घेऊन:
टायगर खंय गेलो?

गेली फाटल्यान, मी म्हटलं,
आणि सुईत दोरा ओवला.