कळलं की सांगा

धोबीतलावच्या त्या दुकानात
पोरगा विचारतो, "नातवासाठी?"
"नाही. मला."
तो सावरतो. नाव ग्लेन, वय असेल बावीस,
डाव्या हाताची नखं कापलेली, उजव्याची वाढलेली.
मला आधी वाटलं, आळशी आहे.

दोन गिटारी काउंटरवर आडव्या ठेवतो.
"ही नायलॉन, मॅडम. मऊ. मान जरा रुंद.
ही स्टील. आवाज मोठा, पण महिनाभर बोटं सोलून निघतात.
आणि एक, नायलॉनवालीवर पुढे स्टील चढवता येत नाही.
तेवढा ताण सोसत नाही तिला,
ब्रिज उखडून येतो, लाकडासकट."
बरं झालं आधी सांगितलंस, मी म्हणते.
आमच्या वेळी हे कुणी सांगत नसे.

पर्समध्ये निरोप समारंभाचं पाकीट.
लालबागच्या पतपेढीत एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
ओल्या स्पंजवर बोट टेकवून, दुसऱ्यांच्या.
घड्याळही दिलं होतं त्यांनी, ते भाचीला देऊन टाकलं.

"दाबून बघा," ग्लेन म्हणतो.
स्टीलची सगळ्यात बारीक तार
अनामिकेत रुतते. उचललं तर बोटावर खाच,
आणि खाचेशेजारी ठिपके,
सोमवारचा, गुरुवारचा, कालचा.
रोज चहाआधी मी बोट टोचते.
एक थेंब. पट्टी तो पिते, आकडा दाखवते.
"दुखलं ना?"
अरे बाळा, स्टीलची आणि माझी सहा वर्षांची ओळख आहे.

आवाज मात्र खणखणीत.
कुणी पूर्ण नावानं हाक मारावी, आडनावासकट,
तसा.
आवडला मला, खोटं का बोला.
खाऱ्या हवेत गंज धरते, म्हणे,
वाजवून झाली की पुसून ठेवायची.
तेही जमलं असतं. बिडाचा तवा पुसतेच की.

मग नायलॉन.
बोट ठेवलं आणि हात तिथेच थांबला.

हा दोरा मला माहीत होता.

मार्चमध्ये परळच्या दवाखान्यात
डॉक्टर गोठोसकर असाच एक दोरा, वीतभर काडीला लावलेला,
हातात घेऊन माझ्या तळव्यांपाशी बसल्या.
"डोळे मिटा. कळलं की सांगा."
मिटले. पंखा ऐकला.
बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला, दोनदा.
मी वाट बघत राहिले.
शेवटी विचारलं, "सुरू करताय ना?"
त्या म्हणाल्या, "झालं."

दोन्ही अंगठे, उजवी टाच.
कागदावर छापलेली पावलं होती, त्यांवर तीन फुल्या.
तेव्हापासून फरशी गार आहे की नाही
ते मी वाकून, हातानं बघते.

दुकानात डोळे मिटले.
वरच्या तीन जाड, तारेनं गुंडाळलेल्या,
खालच्या तीन नुसत्या, पाण्यासारख्या.
बोट सावकाश उतरवत नेलं.
"कळलं."
"काय, मॅडम?"
"हीसुद्धा कळली. ही पण. ही सगळ्यात बारीक, तीसुद्धा."
ग्लेन बिचारा गप्प.
पावतीपुस्तक शोधू लागला.

नवं नायलॉन सैल पडत राहतं,
पंधरा दिवस तरी रोज पिळावं लागेल, तो म्हणाला होता.
पिळते.
आधी उजव्या हाताचं बोट. एकशे अठ्ठेचाळीस.
डाव्याला टोचणं बंद, त्याला आता दुसरं काम आहे.
मग खुंट्या, एकेक.
आवाज लहानच, शेजारच्या खोलीत
दार लोटून कुणी बोलावं इतका.
खालच्या पालयेकरांना ऐकूही जात नाही.
तिसरी अजून खोटी लागते.
पाय जमिनीला टेकवून बसते.
फरशी असेलच तिथे.