मधल्या दोन तारा

एलिशिबाबाई म्हणाल्या, चौतीस तारा आहेत, दमशील.
मी हसले.
बावीसशे टोकं एका बैठकीत वहीतून ओढून
फणीत भरणारी बाई मी,
आकडी धरून धरून उजवं बोट वाकडं झालेलं.
चौतीस म्हणजे आमच्यात रुमालाची कड.

हार्प इरण्णा सुताराने केली.
लाकूड जुन्या हातमागाचं, शिसवी,
कुणाच्या तरी अंगणात तुळशीला आडोसा म्हणून उभं होतं.
खांद्याच्या बाकाला त्याने तीन उन्हाळे घेतले.
अजूनही वाजवताना मानेपाशी
खळीचा वास येतो.

चाल आयर्लंडची. जुनी.
बाई सांगायच्या, तिकडे आंधळे वादक घोड्यावरून
गावोगाव जायचे, नखांनी वाजवायचे,
जेवू घालणाऱ्याच्या नावाने एक चाल ठेवून पुढे निघायचे.
एकट्याची चाल ती.
एक माणूस, एक ओसरी, बाहेर ओला अंधार.
आणि आम्ही पाच जण.
ओला अंधार सोलापुरात कुणी पाहिलाय,
मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला पाठ टेकली तर पोळते.

दोन स्वरमंडळं, पेटी, दशरथची सुंदरी, आणि ही.
पहिल्या शुक्रवारी सगळ्यांनी सगळं वाजवलं.
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांखाली हरवलेलं पोर
हाका मारतं, आईही हाका मारते,
आणि मध्ये भोंगे,
तशी चाल आत कुठेतरी रडत होती.
पेटीवाले गुर्रम मास्तर म्हणाले, छान जमलं.

बाईंनी वही माझ्याकडे दिली.
तुला मोजता येतं, म्हणाल्या,
कुणी कधी थांबायचं ते लिही.
वहीतून धागे ओढण्यात जन्म गेला,
कागदाची वही ही पहिलीच.

वाजवायचं लिहिणं सोपं.
थांबायचं लिहिलं की माणसं दुखावतात.
मास्तरांच्या आठ मात्रा कापल्या,
दोन शुक्रवार ते चहा न घेता गेले.
दशरथला सांगितलं, तू एकच स्वर धर, फेरीभर.
तो म्हणाला, अक्का, सुंदरीला एवढीशी कामं देऊ नका,
हिनं नगारखान्यात दिवस उगवलेत.
उगव की, मी म्हटलं, पण हळू.
आणि पितळी तारेचं वेगळंच, ती आपोआप थांबत नाही.
आधीचा स्वर बोटानं निजवावा लागतो
पुढचा उठवता उठवता.

सुरात लावायची तीही मधून.
मधल्या दोन तारा एकाच स्वराच्या, शेजारी शेजारी.
त्यांना बहिणी म्हणतात, बाई सहज बोलून गेल्या,
आधी त्या जुळवायच्या, बाकीच्या त्यांच्यावरून.
मी पान उलटलं. परत उलटलं.

पद्मा भिवंडीला गेली त्याला एकोणीस वर्षं.
नवऱ्याचे चार लूम, मग बारा, मग परत चार.
एका चादरीत झोपायचो आम्ही,
ती ओढायची, मी ओढायचे,
सकाळी चादर दोघींच्याही अंगावर नसायची.

काल तालमीत फोन लावून पेटीवर ठेवला.
सुंदरीनं स्वर धरला, पेटी थांबली
(मास्तर खरंच थांबले),
मी बहिणींपासून वर चढत गेले.
संपल्यावर विचारलं, ऐकलंस?
पद्मा ओरडून म्हणाली, अक्का, काय ते जोरात बोल,
लूम चालू हायत.

मला मात्र तिकडचा खडखडाट स्पष्ट आला.
चारच्या चारही.
एक जरा मागे पडतोय,
पट्टा सैल असणार.

रात्री वहीत पाच ओळींखाली
सहावी आखली.
अजून तिच्यात काही भरलेलं नाही.
उकाड्यानं तारा उतरल्यात,
सकाळी आधी त्या दोघींकडे बघायचं.